घंटेत कोंबलेलं गवत

या अंकासाठी आपापल्या कामाविषयी लिहायला ज्यांना सांगितलं आहे ते सगळे पेन्शनर आहेत. कुणी हेडमास्तर होते, कुणी फौजदार. मी कॉलेजात इंटरच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकतो. तरी मी संपादकांना भीतभीत विचारलं, की एका कामातून मीही निवृत्त झालो आहे, लिहू का? ते म्हणाले, "कोणतं काम?" मी म्हणालो, "गुराख्याचं." ते हसले नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव टाकवे बुद्रुक. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नाही. मी सातवी झालो, मग पुढची शाळा लांब म्हणून काही वर्षं गावची गुरं राखली. पुढं हायस्कूल झालं, मॅट्रिक झालो, आणि कॉलेजात नाव घालायच्या वेळीच वडिलांचा पाय मोडला. त्यामुळं कॉलेज एक वर्ष लांबलं आणि मी पुन्हा काठी हातात घेतली. मी सांगणार आहे ती गोष्ट त्याच वर्षीच्या श्रावणातली.

गुराख्याचं काम सोपं वाटतं. सकाळी गावाबाहेरच्या पिंपळाखाली लोक आपापली जनावरं सोडतात, ती सगळी एकत्र करून वर पठारावर न्यायची, दिवसभर चारायची, आणि दिवस मावळायच्या आत परत आणून पिंपळाखाली सोडायची. पिंपळापासून प्रत्येक जनावर आपलं घर ओळखतं. पण राखणं म्हणजे नुसतं बघत बसणं, असं जर कुणाला वाटत असेल तर त्यानं पावसाळ्यात आमच्या पठारावर यावं. धुकं असं उतरतं की आपल्याच हातातल्या काठीचं टोक दिसत नाही. डोक्यावर इरलं घेऊन उभं राहायचं आणि कानांनी गुरं राखायची. इरल्याच्या पानांवर पाऊस वाजतो, त्यातूनही ऐकायचं.

ऐकता ऐकता मला हळूहळू कळू लागलं, की गुरं एकाच आवाजात बोलत नाहीत. नुकतं जन्मलेलं वासरू बारीक, तुटक ओरडतं. थोडं वाढलं की त्याचा आवाज जाड होतो आणि हट्टी होतो. कालवडी, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या गाई, कशालाही ओरडतात. वारा सुटला, ओरडल्या. मैत्रीण पुढं गेली, ओरडल्या. मोठ्या गाई त्यांच्याकडं नुसता कान वळवतात आणि चरत राहतात. पण एखादी जुनी गाय मान वर करून एकदाच हंबरली, तर सगळा कळप चरायचा थांबतो. तोंडात घास तसाच असतो.

पाटलांचा एक खोंड होता. वळू डुरकतो तसं डुरकायचं त्याच्या मनात फार. पुढच्या पायांनी माती उडवायचा, मान खाली घालायचा, छाती भरून घ्यायचा आणि आवाज निघायचा अर्धा वळूचा, अर्धा वासराचा. थोरला वळू त्याच्याकडं पाहतसुद्धा नसे. त्या वर्षी माझाही आवाज कॉलेजच्या नावानं असाच फुटत असे, म्हणून मला त्या खोंडाविषयी माया होती. पुढच्या वर्षी तो सलग डुरकायला लागला, तेव्हा थोरल्यानं पहिल्यांदा मान वर केली.

बैल मात्र फारसे बोलत नाहीत. खच्ची केल्यावर त्यांचा आवाजच जातो, असं आमचे तुकाराम आबा ठामपणे सांगत. आबा गावातले जुने शेतकरी. बोलायला फटकळ, मनानं मऊ. त्यांच्या जोडीतला एक बैल म्हातारा झाला म्हणून त्यांनी तळेगावच्या बाजारात विकला. घरी राहिलेला बैल त्या संध्याकाळपासून तळेगावच्या वाटेकडं तोंड करून हंबरू लागला. घसा बसेपर्यंत हंबरला. आबा त्याच्यासमोर घोंगडी टाकून बसले. मी गेलो तर म्हणाले, "शिवा, ह्येला आवाज व्हता रं. कामच पडलं नव्हतं." आबांनी पुन्हा कधी बैलांची जोडी फोडली नाही.

या सगळ्या आवाजांत एक आवाज बाहेरच्या माणसाला ऐकूच येत नाही. गाय आपल्या नव्या वासराशी तोंड न उघडता, घशातल्या घशात बोलते. आम्ही त्याला हुंकार म्हणतो. हंबरडा टेकडीपलीकडं जातो, हुंकार चार हातांवर विरून जातो. जुनी गाय व्याली की वासराला चाटता चाटता हुंकारते, आणि वासरू तो आवाज घेऊनच उभं राहतं. मग त्याला झुडपात बसवून ती चरायला जाते. ती परत येऊन हुंकारेपर्यंत वासरू हूं की चूं करत नाही. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या जनावराचं हे शहाणपण आहे. मोठ्यानं ओरडलं, तर आईच्या आधी बिबट्या यायचा.

आता चंद्रीची गोष्ट.

चंद्री आमच्या शेजारच्या सगुणावहिनींची. वहिनींच्या माहेरच्यांनी लग्नात आंदण म्हणून कालवड दिली होती आणि तिच्या गळ्यात बांधायला पितळी घंटा. वहिनींचा नवरा खंडाळ्याला रेल्वेच्या गँगमध्ये, महिन्यातून एखाद्या वेळी घरी येणारा. घरात सासू नाही. त्यांना पहिली मुलगी झाली होती, ठकू. वहिनींच्या अंगावर पुरेसं दूध नव्हतं, आणि पोर रडायची. शेजारणी म्हणत, "पोरगी रडतीया आन ही नुसती बघत बसलीया. आईला काय शिकवावं लागतं का?" वाटीभर दूध कधी या घरून, कधी त्या घरून यायचं. म्हणून वहिनींचं सारं लक्ष चंद्रीकडं लागलं होतं. ती पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणार होती. आमच्याकडच्या गाई वासरू पुढ्यात असल्याशिवाय पान्हा सोडत नाहीत. वासरू जगलं तर दूध. वासरू गेलं तर कास भरलेली असूनही थेंब नाही.

त्या सकाळी वहिनी ठकूला काखेत घेऊन पिंपळापर्यंत आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आज तिला न्यू नगा. दिवस भरल्यात."

"घरी चारा कुटं हाय वहिनी? चार-सहा दिवस जातील अजून."

त्यांनी चंद्रीच्या गळ्यातल्या घंटेची दोरी पुन्हा ओढून पाहिली. पहिलारू गाय धुक्यात चुकू नये म्हणून तिला घंटा बांधायची, ही आमची रीतच आहे. "घंटेकडं कान ठिवा मंजी झालं," त्या म्हणाल्या.

पठारावर माझ्या जोडीला गंगूमावशी असे. ती कडेच्या ठाकरवाडीची, म्हशी राखायची. वय माझ्या आजीएवढं, चाल माझ्यापेक्षा जोरात. मी मॅट्रिक झाल्यापासून तिनं माझं नावच टाकलं होतं. "मॅट्रिकवाल्या, तंबाखू हाय का रं?" अशी ती दिवसाची सुरुवात करी.

दुपारच्या आधी कड्याकडून दरड घसरल्याचा मोठा आवाज झाला. गुरं थोडी बिथरली, मग शांत झाली. चंद्रीची घंटा मला ऐकू येईना. मी शोधायला निघणार, एवढ्यात ती धुक्यातून आपणच बाहेर आली. कुशी खपाटीला गेलेल्या, शेपटीखाली वार लोंबत असलेली, आणि बरोबर वासरू नाही.

"व्याली रं ही," मावशी म्हणाली. "आन प्वार कुटं टाकलं?"

चंद्रीनं मान उंच केली आणि तोंड उघडून हंबरली. आम्ही तिच्या मागं निघालो, कारण गाईच्या मागं गेलं की वासरू सापडतं. ती आम्हाला तळ्याकडं घेऊन गेली. तिथून वळून खडकाकडं. खडकापाशी उभी राहून हंबरली आणि पुन्हा तळ्याकडं पळाली. मला वाटलं, माणसं मागं आहेत म्हणून चकवते आहे.

"चकवत न्हाई," मावशी म्हणाली. "तीच चुकलीया. दरड पडली, ही भ्याली, चाटायचं सोडून पळाली. आता वरडतीया. पर वरडल्यानं त्ये गप बसनार, भाईर न्हाई येनार."

म्हणजे वासरू कुठंतरी कारवीच्या ओल्या झुडपांत पडलं होतं. अंग पुरतं चाटलेलं नाही, पोटात दूध नाही. दिवस मावळला की पठार बिबट्याचं. मी इरलं टाकून दिलं आणि कारवीच्या रानात शिरून स्वतःच हुंकारायला लागलो. पुष्कळ हुंकारलो. मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आरं, त्ये वासरू हाय का रेडा? बैलगाडीच्या चाकावानी वाजतुयास."

"मग तू कर!"

तिनंही केलं. माझ्याहून बरं होतं, पण म्हातारपणानं तिचा आवाज मध्येच चिरकला. कारवीतून काही उत्तर आलं नाही. आम्ही दोघंही हसलो.

तेवढ्यात तुकाराम आबांची ढवळी चरत चरत चंद्रीजवळ आली. ढवळी कळपातली सर्वांत जुनी गाय. किती वेळा व्याली ते आबांनाही आठवत नसे. तिनं चंद्रीच्या मागं नाक नेलं, वास घेतला, आणि तोंड मिटून घशातल्या घशात हुंकारली. मी मावशीकडं पाहिलं.

"हिलाच नेऊ मावशी. ही हाक मारील."

"ढवळी?" मावशीनं नाक मुरडलं. "चोर हाय ती. कोंडीबाच्या गाईचं वासरू चाटून आपलं केलं व्हतं तिनं. हिनं आदी चाटलं तर चंद्री त्येला जवळ बी घ्यायची न्हाई."

हे खरं होतं. एका गाईनं चाटलेलं वासरू पहिलारू गाय परकं मानते. मी म्हणालो, "दावं बांधून नेतो. हाक तिची, वासरू चंद्रीचं. शिवू देत नाही तिला."

मावशीनं आपल्या कमरेचं दावं सोडून दिलं. मी ढवळीला बांधून कारवीकडं नेऊ लागलो. चंद्री मागून येत होती, आणि तिच्या प्रत्येक पावलाबरोबर पितळी घंटा ठणठणत होती. ढवळी हुंकारत होती, पण मलाच ते ऐकू येईना. मागं कळपातल्या लाकडी घंटा खडखडत होत्या. आम्हाला गुरं सापडावीत म्हणून ज्या घंटा बांधल्या, त्यांतून वासरापर्यंत काही पोचत नव्हतं आणि वासराचं आमच्यापर्यंत काही पोचणार नव्हतं.

मी थांबलो. मूठभर गवत उपटलं आणि चंद्रीच्या घंटेत कोंबलं.

मावशीला कळलं. पण ती लगेच हलली नाही. घंटा बंद केल्या तर धुक्यात सगळी गुरं पांगणार, मग गावच्या सगळ्या जनावरांचा जबाब आम्ही काय देणार? तिनं थोडा विचार केला, तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "जा तू. मी हितं खडकावर बसते. समद्यांच्या घंटा बंद करते, आन हळूहळू बोलत ऱ्हाते. वळखीच्या आवाजाभवती गुरं ऱ्हातात. लवकर ये मातुर. किती बोलू? मला काय लेक्चर द्येता येत न्हाई."

एकेक घंटा बंद झाली. पठारावर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. पानांवरून ओघळणारं पाणी ऐकू येत होतं, आणि लांबून मावशीचं बारीक बोलणं. ती म्हशींना आपल्या सुनेच्या तक्रारी सांगत होती.

ढवळी पुढं, मी दावं धरून, मागं चंद्री. ढवळी चार पावलं टाकायची, थांबायची, हुंकारायची, कान पुढं करायची. मीही कान पुढं करायचो. कारवीचा एक पट्टा झाला, दुसरा झाला. उजेड उतरू लागला. मनात वहिनींचा चेहरा येत होता आणि मी तो बाजूला सारत होतो.

मग करवंदीच्या जाळीखालून आवाज आला. आवाज म्हणणंसुद्धा जास्त होईल. ओल्या काडीनं मोडावं तेवढंच. ढवळीनं दाव्याला असा हिसका दिला की मी गुडघ्यावर आलो. तिला मी कशीबशी एका खुंटाला बांधली, तोवर जाळीतून वासरू बाहेर आलं. तांबडं, ओलं, चारही पाय चार दिशांना. ते सरळ ढवळीकडं निघालं. हाक तिचीच होती ना.

मी त्याच्या आणि ढवळीच्या मधे उभा राहिलो. चंद्री लांब उभी होती. तिनं वासराला पाहिलं, फुसकारली, एक पाऊल मागं सरली आणि शिंगं खाली केली. मला वासराला उचलून तिच्या पुढ्यात ठेवावंसं फार वाटलं. पण माझ्या हाताचा वास त्याला लागला असता. हात मागं बांधून उभा राहिलो. इतका निरुपयोगी मी परीक्षेतही कधी नव्हतो.

चंद्रीनं तोंड उघडलं. मोठा हंबरडा निघाला. वासरू जागच्या जागी पोट टेकून जमिनीला चिकटलं, धोंड्यासारखं. चंद्री गप्प झाली. मागं ढवळी दावं ताणून हुंकारत होती. चंद्रीचा एक कान तिच्याकडं, एक वासराकडं.

मग चंद्रीनं पुन्हा तोंड उघडलं आणि अर्ध्यावर मिटलं. जो आवाज आला तो पाटलांच्या खोंडासारखा होता, अर्धा हंबरडा, अर्धा हुंकार, मधे फुटलेला. वासराचा कान हलला. तिनं मान खाली केली, पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तोंड मिटलेलंच होतं. आवाज तुटक होता, खरखरीत होता, पण घशातला होता. वासरू उठलं, पडलं, उठलं. तिच्या पुढच्या पायांशी येऊन धडकलं. तिनं वास घेतला, आणि चाटायला लागली. चाटता चाटता हुंकार सलग झाला. कुणी शिकवलं म्हणावं, की आतच होता आणि वाट सापडली, हे मला अजून नीट सांगता येत नाही. झुऑलॉजीच्या वर्गात हात वर करून विचारावं असं दोनदा मनात आलं होतं. पुढच्या टर्मला विचारीन.

वासरू तिला प्यालं, पोटभर प्यालं, मग मी त्याला खांद्यावर घेतलं. पाडी होती, म्हणजे मादी वासरू. खडकावर मावशी घसा बसलेल्या आवाजात अजून बोलतच होती. सगळी गुरं तिच्याभोवती अर्धवर्तुळात उभी. मला पाहून ती एवढंच म्हणाली, "सुनंचं समदं सांगून झालं रं. आता लेकावर आले व्हते."

घंटांतलं गवत आम्ही तसंच ठेवलं. वासरू दचकू नये म्हणून. पण त्यामुळं खाली काय होईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. रोज संध्याकाळी आमचा कळप लांबूनच ऐकू येतो आणि बायका पिंपळाखाली जमतात. त्या दिवशी उशीर झाला होता, आणि वरून काहीच ऐकू येत नव्हतं. मुकी गुरं खाली उतरली की काहीतरी अशुभ घडलेलं असतं, असं गावात मानतात. मी पिंपळाशी पोचलो तर सगळे वाटेकडं बघत उभे होते. पुढं वहिनी, काखेत ठकू.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "घंटा का वाजत न्हाई?"

मला धाप लागली होती. खांद्यावर घोंगडीखाली झाकलेलं वासरू त्यांना दिसत नव्हतं. मी बोलायच्या आत माझ्या कोपराशी चालणारी चंद्री घोंगडीला नाक लावून हुंकारली. वहिनींनी चंद्रीचा तो आवाज पूर्वी कधी ऐकलेला नव्हता, पण त्यांना कळलं. त्या ठकूला छातीशी घट्ट धरून हसायला लागल्या.

पठारावर जन्मलेलं वासरू खांद्यावरून आणणाऱ्या गुराख्याच्या पायांवर पाणी घालायची आमच्याकडं पद्धत आहे. वहिनींनी तांब्या आणला. मी म्हणालो, "वहिनी, हाक ढवळीनं मारली. माझ्या हाकेला ते उठलं नाही." वहिनींनी जराही विचार न करता तांब्या ढवळीच्या खुरांवर रिकामा केला. "चोर म्हनत व्हता समदे माझ्या म्हातारीला!" असं तुकाराम आबा प्रत्येकाला सांगत सुटले. मग लोकांनी पाण्याची घागर आणली आणि माझेही पाय धुतले. दिवसभरचा चिखल होता, तसंही धुवायला हवेच होते.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पहिल्या चिकाचा खरवस करून दिला, तो मी वर मावशीला नेला. तिनं बोटं चाटून खाल्ला. म्हणाली, "मॅट्रिकवाल्या, कालेजात जाशील तितं समदं सांग. फकस्त तुझा हुंकार कुनाला करून दावू नगं."

मी तिचं ऐकलं नाही. होस्टेलवर मित्रांना करून दाखवतो आणि ते पोट धरून हसतात. पहिल्या टर्मला मी वर्गात तोंडच उघडत नव्हतो, आता थोडं उघडतो. ढवळी मागच्या उन्हाळ्यात गेली, त्याचं वाईट वाटतं. आबांनी तिला आपल्याच बांधावर पुरलं.

गेल्या सुट्टीत घरी गेलो तर चंद्री पुन्हा व्याली होती. गोठ्यात शिरलो. तिची घंटा खुंटीला टांगलेली होती. चंद्रीच्या विण्याच्या दिवसांत वहिनी ती आपणच काढून ठेवतात. चंद्री वासराला चाटत होती. मी जवळ जाऊन हुंकारलो. तिनं नेहमीप्रमाणे माझ्याकडं लक्ष दिलं नाही. एवढ्यात ठकू दुडदुडत आली. चंद्रीच्याच दुधावर वाढलेली पोर, आता चांगली बोलायला लागली आहे. गोठ्याच्या दारात उभी राहून तिनं ओठ मिटले, गाल फुगवले आणि "म्म्म" केलं.

चंद्रीनं चाटायचं थांबवलं, मान वळवली आणि तिला हुंकारून उत्तर दिलं.

"काका, तुमाला येत न्हाई," ठकू म्हणाली. "मी शिकवू?"